आधी कोण उठलं?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालेलं आहे. घेतलाच तर निदान रविवारी घेऊ नये. आणि रविवारीच घेतला तर वडिलांच्या कॉम्प्युटरला लावू नये. मी या तिन्ही चुका एकाच दिवशी, सकाळच्या दुसऱ्या चहाच्या आत केल्या. कॉम्प्युटर बंद पडला, ते तर पडायचंच होतं. पण त्या भानगडीत एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न मला चिकटला. कॉम्प्युटर पुढे चालू झाला, प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. अशा नोंदीला आम्ही बँकेत सस्पेन्स अकाउंट म्हणतो. रक्कम तर समोर दिसते, पण ती कुणाच्या नावावर टाकायची हे कळत नाही.

अण्णांचा कॉम्प्युटर २०११ सालचा. सोसायटीचे हिशेब ठेवायला म्हणून घेतलेला. त्यात विंडोज सेव्हन आहे, आणि त्या विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० रोजी तिच्या कंपनीने रीतसर निवृत्त केलं. अण्णा त्याच्याही आधी निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना या बातमीचं काही वाटलं नाही. "निवृत्त झाला म्हणजे काय मेला का?" एवढंच ते म्हणाले. मी त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली, म्हणजे बाहेरचे रोग यायला नकोत, आणि तेव्हापासून अण्णा आणि तो कॉम्प्युटर जगाशी फारसा संबंध न ठेवता एकमेकांच्या सोबतीने राहात आले.

त्या कॉम्प्युटरात घरखर्चाची एक फाईल आहे. तारीख, बाब, रक्कम आणि शेरा असे चार रकाने. पहिले तीन रकाने अण्णांचे, चौथा आईचा. अण्णा टाइप करायचे आणि आई स्वयंपाकघरातून सांगायची. "गवार, अर्धा किलो." शेरा : महाग होती, पण घेतली. "रिक्षा." शेरा : चालत येता आलं असतं. "लग्नाचा आहेर." शेरा : त्यांनी आपल्याला दिला होता त्याच्यापेक्षा एक्कावन्न जास्त. असे किती शेरे असतील याची मोजदाद नाही. मी बँकेत इतकी वर्षं ऑडिटरांचे शेरे वाचतो आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं झोंबणारं लिहिणारा ऑडिटर मला अजून भेटायचा आहे. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची. त्यानंतर आई गेली आणि फाईल तिथेच थांबली.

आता तुम्ही म्हणाल, फाईलच हवी ना? मग पेन-ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा की! आम्हीही तेच म्हटलं होतं. पण ती फाईल आहे युनिकोड घरोघरी पोचायच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमधली. ती चिरंजिवांच्या लॅपटॉपवर उघडली तर गवारीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, दोन टोप्या आणि एक स्वल्पविराम असं काहीतरी उगवलं. आई कोणाला तरी इंग्रजीतून शिव्या देते आहे असं वाटत होतं, आणि आईने उभ्या आयुष्यात मराठीतूनही कधी दिल्या नव्हत्या. तो फॉन्ट, त्याचा कीबोर्ड आणि ती फाईल यांचं जे काही जमतं ते त्या एका कॉम्प्युटरातच. तेव्हा आई मराठीत हवी असेल, तर तोच कॉम्प्युटर जसाच्या तसा चालू राहायला हवा होता.

आणि नेमका तोच टकटक करायला लागला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी तबकडी असते, आणि तिच्यावरून एक दांडी फिरत असते. ती दांडी आतून अशी वाजायला लागली की जणू कोणी कॅशियर बसून नोटांच्या पाकिटांवर शिक्के मारतोय. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आला, त्याने वैद्याने नाडी बघावी तसा डब्याला कान लावला आणि म्हणाला, "काका, ही जाणार. एसएसडी टाकून घ्या." दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, डिस्क बदलून नवीन विंडोज घालून देतो, जुन्याची जबाबदारी नाही. जुन्याची जबाबदारी नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातात आईचे शेरे द्यायला मी तयार नव्हतो. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर.

नवी डिस्क मी ५०० जीबीची आणली. कॉम्प्युटरने ती ४६५ जीबी दाखवली. पस्तीस जीबी कुठे गेले म्हणून मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, तेव्हा त्या वरच्या मुलाने समजावलं की डिस्क बनवणारा जीबी मोजतो तो शंभर कोटी बाइटांचा, आणि विंडोज मोजते ती एकशेसात कोटी सदतीस लाखांचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर. मी त्याची मनात टीडीएस म्हणून नोंद केली आणि गप्प बसलो.

मग नक्कल करायचं काम सुरू झालं. एका प्रोग्रॅमने मला विचारलं की जुन्या डिस्कवरचे कोणकोणते भाग नव्या डिस्कवर न्यायचे? यादीत दोनच नावं होती. एक 'सी', म्हणजे सगळं विश्व. आणि दुसरा एक फुटकळ भाग, १०० एमबीचा. त्याला सी नाही, डी नाही, कुठलंच अक्षर नाही. एरवी 'माय कॉम्प्युटर' उघडलं तरी तो कुठे दिसत नाही. डिस्कचा साधारण पाच हजारावा हिस्सा. कोणी कधी उघडलेला नाही, कोणी त्यात काही ठेवलेलं नाही. बँकेत एखाद्या खात्यात दोन वर्षं काही देवघेव झाली नाही की ते निष्क्रिय होतं. इथे तर दहा-बारा वर्षांत चिमणीसुद्धा फिरकलेली दिसत नव्हती. मी त्याच्यापुढची खूण काढून टाकली. काटकसर केल्याचं थोडं समाधानही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तीन तासांनी नक्कल पूर्ण झाली. मी फाइली मोजल्या. जुन्यात जेवढ्या, तेवढ्याच नव्यात. पै-पैचा हिशेब जुळला. जुनी डिस्क काढली, नवी बसवली, सगळ्यांना बोलावलं आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली. 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.'

"बाबा, योग्य बूट निवडा म्हणतोय," चिरंजीव म्हणाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "तरी मी सांगत असते, घरात चपला नकोत म्हणून," आणि आत गेल्या. अण्णा तिथे नव्हतेच. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि अण्णा अजून अंथरुणात होते. त्याबद्दल पुढे सांगतो.

वरच्या मुलाला पुन्हा बोलावणं गेलं. त्याने मला जे सांगितलं ते ऐकून, एवढ्या वर्षांच्या नोकरीत प्रथमच, मला कॉम्प्युटर हा आपल्यातला वाटला. म्हणजे बघा, ५०० जीबीच्या डिस्कवर ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ खण असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक खणात ५१२ बाइट. बटण दाबलं की कॉम्प्युटर त्यातला फक्त पहिला खण उघडतो. त्या ५१२ पैकी ४४६ बाइटांत एक चिमुकला प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटांत डिस्कचे भाग कुठे सुरू होतात त्याचा तक्ता, आणि उरलेल्या २ बाइटांत, ऐका, सही! नेहमी तीच सही : ५५ आणि एए. ती नसेल तर पुढचे सत्त्याण्णव कोटी खण नुसते भरलेले काय, सोन्याने मढवलेले असले तरी कॉम्प्युटर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. माझ्या काउंटरवर रोज हेच चालतं. चेक मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला असतो, तारीख बरोबर, आकडा आणि अक्षरी रक्कम जुळते, खात्यात पैसे रग्गड. पण सही नाही? परत! लोक मला अडेलतट्टू म्हणतात. १९८३ साली आयबीएमच्या इंजिनिअरांनी डिस्कचा पहिला खण असाच आखला आणि त्यांना लोक दूरदर्शी म्हणतात.

"पण सही आहे काका तुमच्या डिस्कवर," तो म्हणाला. "हजेरी नाहीये." म्हणजे त्या तक्त्यात प्रत्येक भागापुढे एक बाइट असतो. तिथे ८० असेल तर तो भाग कामावर हजर, शून्य असेल तर गैरहजर. माझ्या नव्या डिस्कच्या मस्टरवर सगळेच गैरहजर होते. त्याने 'सी'पुढे ८० घातले. पुन्हा बटण दाबलं. या वेळी निराळी ओळ. 'बूट-एमजीआर इज मिसिंग.'

मी म्हटलं, "आता कोण बेपत्ता आहे?"

"उठवणारा," तो म्हणाला. "विंडोजला उठवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो त्या १०० एमबीच्या भागात राहतो. तुम्ही तो भाग घेतलात ना, काका?"

मी चष्मा पुसायला लागलो.

या दोन ओळींमध्ये फरक आहे, आणि मला वाटतं तो माणसांनाही लागू आहे. पहिली ओळ म्हणते, कोणाची नेमणूकच नाही. दुसरी म्हणते, नेमणूक आहे हो, हजेरीही लागली आहे, पण ज्याने उठवायचं तोच घरात नाही.

आता अण्णांबद्दल. आई गेल्यापासून अण्णा सकाळी उठत नाहीत. आजारी नाहीत. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी तर माझेच रिपोर्ट काढायला सांगितले. स्मरणशक्ती अशी की पीपीएफचा खातेक्रमांक तोंडपाठ, २५ जून १९८३ च्या फायनलचा स्कोअर १८३ आणि १४० हा तर झोपेतही सांगतील. माझे दहावीचे गणिताचे मार्क तेवढे ते विसरले असते तर बरं झालं असतं, पण तेही शाबूत. म्हणजे डिस्क पूर्ण आहे, एक बाइट हरवलेला नाही. फक्त सकाळ झाली की ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहतात, साडेनऊ, दहा, साडेदहा. आम्ही काय काय केलं! घड्याळाचा गजर लावला. मोबाइलवर भूपाळ्या लावल्या. मी स्वतः जाऊन "अण्णा, उठा" म्हणून आलो. अण्णा गजर बंद करायचे, भूपाळी पुरती ऐकायचे, मला "हो" म्हणायचे आणि कूस बदलायचे. आम्ही त्यांच्यापुढे ८० लिहीत होतो.

पूर्वी त्यांना आई उठवायची. त्यांनाच काय, आम्हा सगळ्यांनाच. चाळीत पहाटे पाचला नळ यायचा आणि पाऊण तासात जायचा. आई साडेचारला उठायची. घरात गजराचं घड्याळ होतं, पण ते वाजलेलं मी लहानपणी फारसं ऐकलं नाही. ते वाजायच्या आत आई उठून त्याचं बटण दाबायची, म्हणजे बाकीच्यांची झोप मोडू नये. मग पाणी, मग दूध, मग अण्णांचा चहा, आणि सव्वासहाला "अहो, उठताय ना?" हे चार सूर. १९९९ साली आम्ही फ्लॅटमध्ये आलो. गच्चीवर टाकी, चोवीस तास पाणी. आई तरी साडेचारलाच उठायची. मी एकदा विचारलं, "आई, आता नळ नाही, काही नाही. तुला उठवतं तरी कोण?" ती म्हणाली, "मला कशाला कोणी उठवायला हवं? दूध नाही का येत?" दूध सहाला यायचं. उत्तर जुळत नव्हतं, पण मी ताळा केला नाही. दारावरच्या पाटीवर अण्णांचं नाव होतं, पुढे त्याखाली माझं लागलं. आईचं अक्षर कुठे नव्हतं.

हे सगळं मला त्या रविवारी डब्याच्या पोटात हात घालून बसलेलो असताना सुचलं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी मला फक्त एवढंच कळत होतं की माझं बोट पंख्याच्या पात्यापाशी आहे. पण प्रश्न मी विचारला. विंडोजला तो छोटा प्रोग्रॅम उठवतो. बरं. त्याला कोण उठवतं? पहिला खण. त्याला? बायॉस नावाची पाटावर चिकटवलेली एक चिप. तिला? प्रोसेसर. आणि प्रोसेसरला?

"अनवस्था," आतल्या खोलीतून आवाज आला. अण्णा अंथरुणातूनच बोलत होते. "न्यायशास्त्रात याला अनवस्था दोष म्हणतात. ह्याच्यामागे कोण, त्याच्यामागे कोण, अंतच नाही. कुठेतरी थांबावं लागतं."

कॉम्प्युटरवाले कुठे थांबले ते मी विचारून घेतलं. पूर्वी म्हणे ते माणसापाशी थांबत. १९७५ च्या आल्टेअर ८८०० या यंत्रावर पुढच्या बाजूला बटणांची रांग असायची आणि सुरुवातीच्या आज्ञा माणसाने एकेक करून ती बटणं वर-खाली करून घालायच्या. म्हणजे आईच की ती! पुढे ते काम चिपकडे गेलं. आता प्रोसेसर जागा झाला की कोणाला न विचारता एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. चार जीबी पत्त्यांची लांबलचक गल्ली, आणि तिच्या टोकाला फक्त १६ बाइट उरलेले असताना ते घर. सुरुवात शेवटापाशी. आणि तिथे त्याला पहिली आज्ञा काय मिळते? "इथे नाही, तिकडे जा." एवढा प्रवास करून आलेल्याला पहिल्या काउंटरवर हे ऐकायला मिळतं, म्हणजे ही पद्धत घालून देणारा कोणी तरी आमच्याच खात्यातला असणार.

'बूट' या शब्दाची हकिगतही त्याने सांगितली. आपल्याच बुटांच्या मागच्या वाद्या धरून स्वतःला जमिनीवरून वर उचलायचं, असा त्यात इंग्रजी वाक्प्रचार आहे. आधी तो अशक्य गोष्टीला वापरत, नंतर कर्तबगारीला वापरायला लागले. मी लगेच म्हटलं, यात नवीन काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच आहे, माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं.

आतून पुन्हा आवाज आला. "आणि ते अर्जुनाला सांगायला रथावर शेजारी कोण बसलं होतं?"

यावर मला काही सुचलं नाही. वाणिज्य शाखेत हा भाग नसतो.

मुलगा वर जाऊन विंडोज सेव्हनची डीव्हीडी घेऊन आला. ती घातली आणि कॉम्प्युटर तिच्यावरून चालू केला. आत गेल्यावर बघतो तर आमचा 'सी' तिथे 'डी' झालेला. माहेरची सुमन सासरी गेल्यावर मंगल व्हावी तसा प्रकार. पण माणूस तोच आहे याची त्याने खातरजमा करून घेतली, मग 'बीसीडीबूट' नावाची एक ओळ टाइप केली. दोन सेकंदांत उत्तर आलं, फाइली तयार झाल्या म्हणून. मी म्हटलं, "एवढंच? मग तो हरवलेला उठवणारा आणला कुठून? डीव्हीडीवरून?"

"नाही काका. त्याची एक प्रत विंडोजच्याच फोल्डरात असते. पहिल्यापासून आतच होती. आपण फक्त ती काढून पुढे ठेवली."

"आतच होती तर मग उठत का नव्हता?"

"त्याने स्वतःच स्वतःची कशी काढायची? तो झोपलेला आहे ना."

मला वाटलं अण्णा यावर काहीतरी बोलतील. पण आतून काही आवाज आला नाही. थोड्या वेळाने स्लिपर घासल्याचा आवाज आला आणि अण्णा दारात येऊन उभे राहिले. "ती तबकडी कोणाची?" त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "माझी आहे, आजोबा." अण्णांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसले.

बटण दाबलं. विंडोजचे चार रंग कुठून कुठून तरंगत येऊन एकत्र झाले. जुनं वॉलपेपर आलं, जुनी चित्रं आपापल्या जागी आली, फाईल उघडली, आणि गवार मराठीत होती. अण्णा शेवटच्या ओळीपर्यंत गेले. 'कोथिंबीर, १०. शेरा : दोन दिवस पुरेल.' त्यांनी ती वाचली, फाईल बंद केली आणि म्हणाले, "टकटक येत नाही आता."

नवी डिस्क फिरत नाही, तिच्यात फिरण्यासारखं काही नसतंच, म्हणून आवाज नाही, असं मी समजावून सांगितलं. ते नुसते "हं" म्हणाले. हा कॉम्प्युटर तोच की दुसरा, असा एक जाडा प्रश्न इथे विचारता येतो आणि मोठमोठ्या लोकांनी जहाजांच्या फळ्या बदलून तो विचारलेलाही आहे. मी अण्णांना विचारून पाहिला. ते म्हणाले, "फाईल उघडते ना?" तेव्हा तो आपण सोडून देऊ. मला खरी बोचणी दुसरीच होती. मुलगा जाताना मी त्याला हळूच विचारलं, की आता त्या १०० एमबीच्या भागाचं काय? तो परत आणायला हवा का? "काही गरज नाही काका," तो म्हणाला. "त्याचं काम आता 'सी'च करतोय." त्याला वाटलं मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. इतकी वर्षं एक जण रोज सगळ्यांच्या आधी उठून एवढ्या मोठ्या खटल्याला उठवतो, मग पडद्याआड जातो, त्याला अक्षर मिळत नाही, मी त्याला निष्क्रिय खातं समजतो, आणि शेवटी काम भागलं म्हटल्यावर त्याची आठवणही कोणी काढत नाही. हे कायद्याने बरोबर असेल. हिशेबातसुद्धा बरोबर आहे, मी ताळा करून पाहिला. पण त्या जुन्या डिस्कवर तो भाग अजून तसाच आहे, म्हणून मी ती फेकली नाही. अण्णांनी ती आईच्या चष्म्याच्या घराशेजारी कपाटात ठेवली आहे. फडक्यात गुंडाळून.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, रात्री जेवताना, सौभाग्यवती अचानक म्हणाल्या, "अण्णा, ह्याची दहावी आहे. पाचला उठून अभ्यासाला बसायला हवं. माझ्याने काही आता पहाटे उठणं होत नाही. तुम्ही उठवाल का ह्याला?"

मी घास खाली ठेवला. माझ्याने उठणं होत नाही? मी सातला उठतो तेव्हा दोन डबे भरलेले असतात, कुकर होऊन गार झालेला असतो, दोरीवर कपडे असतात. ही सगळी कामं पावणेसातला सुरू होत असतील असं गणिताने सिद्ध करता येत नाही, माझ्या मार्कांनीसुद्धा नाही. मग ही रोज उठते तरी किती वाजता? लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मी आमटी वाढून घेतली.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातवाकडे बघून म्हणाले, "पाचला म्हणजे पाचला हं. मी दोनदा हाक मारणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाचला हाक ऐकू आली म्हणतात. मी ऐकली नाही, चिरंजिवांनी ऐकली, आणि त्यांची तेव्हापासून घरातल्या सगळ्यांबद्दल तक्रार आहे. अण्णा त्याला उठवतात, स्वतः चहा करतात. तो चहा मी एकदा प्यायलो आहे. त्याच्याबद्दल शेरा न लिहिलेला बरा. आणि परवा मी सहज ती फाईल उघडली, तर कोथिंबिरीखाली एक नवी ओळ दिसली. 'आलं, १०.' आणि शेऱ्याच्या रकान्यात, अण्णांच्याच हाताने : 'नातू तीन हाका घेतो.'

आता अण्णांना कोण उठवतं, हा प्रश्न राहिला. मी त्यांना विचारला. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मला कशाला कोणी उठवायला हवं?"

हे उत्तर मी पूर्वी ऐकलेलं होतं, त्यामुळे या वेळी ताळा करायचाच असं ठरवलं. मोबाइलवर साडेचारचा गजर लावला, मोबाइल उशीखाली ठेवला, कुणाला काही बोललो नाही आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो.

जाग आली तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. डबे भरलेले होते. चिरंजीव पुस्तकावर डोकं ठेवून झोपले होते. अण्णा पेपर वाचत होते आणि सौभाग्यवती दोरीवर टॉवेल टाकत होत्या. मी उशीखाली हात घातला. मोबाइल तिथे नव्हता. टेबलावर चार्जिंगला लावलेला होता.